भरल्या पाटीची वाट

आमच्या किनाऱ्यावर एक बोर्ड लावलेला आहे. 'पुढे धोका आहे.' खाली कवटी आणि दोन हाडं. बारा महिने तो बोर्ड एकाच जागी उभा असतो. धोका मात्र त्याच्याजवळ थांबत नाही. दिवाळीत तो बोर्डाच्या डावीकडे असतो, शिमग्यापर्यंत सरकत सरकत उजवीकडे जातो, आणि पाऊस संपला की पुन्हा नवीन ठिकाणी बिऱ्हाड मांडतो. ग्रामसभेत मी हे उभं राहून सांगितलं होतं, पण नेमका तेव्हाच चहा आला.

आमची खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडतो. त्याला आम्ही दांडा म्हणतो. त्याच्यावरच्या तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खायचे शिंपले, काढून मी संसार केला आणि मुलगा शिकवला. मला कोणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिसऱ्या काढायला कंबर लागते आणि त्याहून जास्त अक्कल लागते, कारण दांड्यावर जायची वाट कुठल्याच नकाशात नाही. ती दर वर्षी पायाने शोधावी लागते.

शोधायची रीत अशी. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा शांत झाला, की आम्ही चार बायका ओहोटीला उतरतो. पाऊल टाकलं आणि भोवतीची ओली वाळू पांढरी पडली, तर ती कडक. पाऊल टाकलं आणि वाळू थिजलेल्या तुपासारखी हलली, तर ते रुपण. तिथे माणूस रुततो. रुपण चुकवत जायचं आणि दर दहा पावलांवर सुरूच्या फांदीचा खुंटा ठोकायचा, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. मग वर्षभर, उधाण येऊन गेलं की पुन्हा बघायचं आणि खुंटे हलवायचे. सकाळी बायका मला विचारतात, "आज दांडो कसो आसा?" मी सांगते, "बरो आसा," किंवा "वळसो घेवन जावा," किंवा "आज घरात बसा." घरात बसा म्हटल्यावर कुणी हुज्जत घालत नाही.

पण खुंटे ठोकून काम संपत नाही. हे मला माझ्या सासूने शिकवलं, आणि तेही मला मांडीपर्यंत रुतवून. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मोठ्या हौसेने मी एकटीने वाट शोधली, खुंटे ठोकले, नाचत दांड्यावर गेले. परत येताना डोक्यावर भरलेली पाटी होती आणि भरती लागली होती. माझ्याच खुंट्यांच्या वाटेवर, मी स्वतः बघितलेल्या जागी, माझे दोन्ही पाय आत गेले. बायकांबरोबर मागून येणारी सासू ओरडली, "पाटी टाक!" मी टाकेना. सगळ्या सकाळची मेहनत होती ती. तिने मला अशा काही शिव्या दिल्या की त्या मी इथे लिहू शकत नाही. शेवटी पाटी गेली, मी पोटावर आडवी झाले आणि बेडकासारखी सरपटत बाहेर आले.

त्या दिवशी घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "रिकाम्या पाटयेन बघलेली वाट खोटी, बाये. जाताना माणूस हलको आसता. मरता तो येताना."

खरं होतं. जाताना ओहोटी असते, वाळूतलं पाणी उतरत असतं, आणि डोक्यावर काही नसतं. येताना डोक्यावर ओझं, आणि भरतीचं पाणी वाळूच्या वर दिसायच्या आधीच वाळूच्या खालून चढत असतं. म्हणून खुंटे ठोकून झाले की आम्ही पाटीत ओली वाळू भरतो, डोक्यावर घेतो, भरती लागेपर्यंत थांबतो आणि मग ती वाट परत चालतो. तेव्हा टिकली तर ती वाट. बाकीच्या बायकांना मी हे शिकवलं. मुलाला शिकवायचं राहून गेलं, कारण पाटी बायकांच्या डोक्यावर असते असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ती चूक माझी.

मुलगा बारा वर्षं मुंबईत होता. परत आला आणि पर्यटकांना फिरवायला वाळूवर चालणाऱ्या दोन गाड्या घेतल्या. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखा हँडल, मागे दोन माणसं बसतील एवढी जागा. मला आनंदच झाला होता. पोरगा गावात आला, घरात जेवायला लागला. किनाऱ्यावर गाडी फिरवीपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण दिवाळीच्या तोंडावर त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली: 'दांड्यावर सूर्यास्त. वाट चालू आहे.' वाट चालू आहे, हे ठरवणारा हा कोण? आणि माझी खुंट्यांची वाट एका जागी मोठा वळसा घेते, ती याला लांब पडत होती. मधले सहा खुंटे उपटून त्याने सरळ वाट काढली.

दिवाळी म्हणजे अमावास्या, अमावास्या म्हणजे उधाण. संध्याकाळी पाणी दूरवर ओसरतं, आणि सूर्य टेकतो न टेकतो तोच भरती लागते. म्हणजे ही माणसं जाणार कडक वाळूवरून आणि परत येणार ओझ्यासकट फुगलेल्या वाळूवरून. मी दोन दिवस घरात ओरडले. तो हसला. म्हणाला, "आये, तुझे पाय बारीक. माझी चाकां बघ केवढी आसत."

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरकडचं कुटुंब, नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. बाई आणि मुलगी मागे बसणार होत्या, नवरा फोटो काढणार होता. मी सरळ जाऊन गाडीच्या पुढच्या चाकांसमोर ओल्या वाळूत बसले. लुगडं भिजलं. भिजू दे म्हटलं.

मुलगा लाजेने लालबुंद झाला. गिऱ्हाइकासमोर त्याची भाषा बदलते. "आई, प्लीज ऊठ. लोक बघत आहेत."

मी मुद्दाम मालवणीतच बोलले, आणि मोठ्याने. "बघूंदेत. वाट कोणी बघितली?"

"मी. सकाळी चार फेऱ्यो मारलंय. दगडासारखी कडक आसा."

"मागे कोण होता?"

"कोण नाय. एकटोच."

"आणि पाणी? उतरता काय चढता?"

तो हँडल पुसायला लागला. मी म्हटलं, "दोन पोती ओली वाळू भर, ह्या दोघींच्या जाग्यार बांध. दांड्यार जा आणि सूर्य बुडताना तुझ्या सरळ वाटेन परत ये. इलस तर उद्यापासून ह्या किनाऱ्यार मी तोंड उघडूचंय नाय."

त्यालाही चेव आला. आमच्या घरात हा आजार सगळ्यांना आहे. त्याने पोती भरली, बांधली. मी जाळ्याचा लांब दोर मागवला तेव्हा तो भडकला. "दोर कित्याक? मी काय रेडो आसंय?"

"रेडो ऐकता," मी म्हटलं.

तो वळशाच्या वाटेने दांड्यावर गेला. मी, माझी जाऊ आणि शेजारची एक बाई वळशाच्या तोंडाशी उरलेल्या खुंट्यांपाशी कडक वाळूत उभ्या राहिलो. सूर्य टेकला. तो परत आला, आमच्याजवळ थांबला, आणि माझ्या तोंडाकडे न बघता दोर कमरेला बांधून घेतला. मग आपल्या सरळ वाटेला लागला. वाळू वरून अगदी कोरडी दिसत होती. किनाऱ्यावर नाखवे उभे राहून हसत होते. खरं सांगते, त्या घटकेला मला वाटलं की मीच चुकले असेन तर किती बरं होईल.

अर्ध्या वाटेवर गाडीचं पुढचं चाक खाली गेलं. त्याने जोर दिला तशी मागची दोन्ही गेली. पोत्यांच्या वजनाने गाडी मागच्या अंगाने बसायला लागली आणि भोवती पाणी आलं, जणू ते तिथेच टपून बसलं होतं. तो उडी मारून उभा राहिला आणि कमरेपर्यंत रुतला. पाय उपसायला गेला तर आणखी आत.

"आडवो हो!" मी ओरडले. "पोटार पड! पाय ओढू नको, हलय!"

तो आडवा झाला. आम्ही तिघींनी दोर धरला. हिसका द्यायचा नसतो, हिसक्याने माणूस तुटतो. नुसता ताण धरायचा आणि वाळू सोडेल तेवढं घ्यायचं. माझे हात सोलले, मला कळलंही नाही. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तेव्हा मी सासूच्या सगळ्या शिव्या एका दमात दिल्या. मग एक पाय सुटला, थोड्या वेळाने दुसरा, आणि तो सरपटत आमच्या पायांशी आला. मागे पाण्यावर फक्त हँडल दिसत होता. पोती केव्हाच खाली गेली होती.

तो उठून बसला. पहिलं वाक्य हेच बोलला, "गाडी गेली माझी. तुझ्यापायी गेली."

माझा संताप मस्तकात गेला. त्याच्या ओल्या शर्टाची कॉलर धरून मी त्याचं तोंड किनाऱ्याकडे फिरवलं. तिथे ती कोल्हापूरची बाई गुडघ्यांवर बसली होती आणि मुलीला तिने छातीशी असं घट्ट धरलं होतं की मुलगी सोड, सोड म्हणत होती.

"गेली तर गेली," मी म्हटलं. "पोत्यांका आये नसता."

त्याने कपाळ माझ्या भिजलेल्या गुडघ्यावर टेकलं आणि रडला.

सकाळच्या ओहोटीला माणसांनी गाडी उकरून काढली, पण इंजिनात खारं पाणी गेलं होतं. दुसरी गाडी आता किनाऱ्यावरच फिरते. जाहिरातीतला सूर्यास्त त्याने त्याच रात्री काढून टाकला. मी काढ म्हटलं नव्हतं.

गावात अजून बोलतात. बाजारात, बसस्टॉपवर, देवळाच्या पायरीवर. आईने पोराच्या पोटावर पाय दिला, चालता धंदा बुडवला, गिऱ्हाइकासमोर त्याची अब्रू काढली. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवते: होय, बुडवला. हे लिहिताना स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. तो कामावरून आलाय, भूक लागली आहे त्याला, आणि तिथूनच ओरडून विचारतोय, "आये, कढी खंय ठेवलंस गो?"