खिळ्यावरची नळी

वेल्डरमामांच्या टेबलासमोरच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्या खिळ्याला वीतभर लांबीची तुटकी लोखंडी नळी टांगलेली होती. अकरा वर्षं. मामा सकाळी येत, डब्याची पिशवी ठेवत, चष्मा पुसत आणि मान वर न करता कामाला लागत. मान वर केली की ती दिसायची.

ही कारखान्याच्या मालकांची, म्हणजे साहेबांची सवय. शर्यतीत गाडीचा जो भाग तुटेल तो, ज्याने बनवला त्याच्या डोळ्यांसमोर टांगायचा. खिळा साहेब स्वतः ठोकत. त्यासाठी एक छोटी हातोडी त्यांच्या खणात असे. कारखान्यात या प्रकाराला ‘पदक’ म्हणत. गिअरवाल्याकडे चार पदकं होती. तो म्हणायचा, "अजून एक मिळू दे, दारात माझा पुतळाच उभारणार आहेत." मामांच्या भिंतीवर मात्र या नळीआधी वीस वर्षं एकही खिळा नव्हता. त्याचा त्यांना ताठा होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

साहेबांचं नाव जगात होतं. सायकली दुरुस्त करणाऱ्या या माणसाने पत्र्याच्या शेडमध्ये पहिली गाडी बनवली आणि पुढे त्यांच्या गाड्या दहा देशांतल्या शर्यती जिंकू लागल्या. पेपरवाले त्यांच्या सवयींवर रकाने भरून लिहीत. साहेब कधी शर्यत बघायला जात नाहीत. कारखान्यावरच्या खोलीत राहतात आणि जमिनीला कान न लावता खालचं कुठलं इंजिन आजारी आहे ते सांगतात. पेपरात न येणाऱ्या सवयी कामगारांना ठाऊक होत्या. जगातली सगळ्यात पळणारी गाडी बनवणारा हा माणूस स्वतः मागच्या सीटवर बसायचा, आणि काटा तीसच्या पुढे गेला की छडी ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकायची. विजारीला कमरेचा पट्टा असायचा आणि वर खांद्यांवरून गॅलिसही. "ज्याला स्वतःची विजार एका आधारावर सोडवत नाही," गिअरवाला म्हणायचा, "तो आपल्याला म्हणतो, वजन कमी करा!"

कारण साहेबांच्या लेखी वजनासारखं दुसरं पाप नव्हतं. कोटाच्या खिशात कायम पांढऱ्या खडूचा तुकडा. फिरता फिरता एखाद्या भागावर गोल काढला तर समजायचं, पातळ कर. फुली मारली तर काढून टाक. कागद नाही, सही नाही. आणि काम झालं की ज्याने ते केलं त्यानेच खडू पुसायचा, कारण खडूवर रंग धरत नाही, पापुद्रा सुटतो. म्हणून प्रत्येकाच्या मागच्या खिशात एक फडकं असे. साहेबांचा हुकूम यायचा खडूने आणि जायचा फडक्याने.

अकरा वर्षांपूर्वी अशीच एक फुली मामांनी जोडलेल्या गाडीच्या चौकटीवर आली. चालकाच्या बैठकीमागे एक तिरकी नळी होती, तिच्यावर.

"साहेब, ही काढली तर चौकट लुळी पडेल."

"वजन किती तिचं?"

"सहाशे ग्रॅम."

"मग सहाशे ग्रॅम भीती काढून टाक," साहेब म्हणाले आणि पुढे गेले.

चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला तरी कलतो, कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी काडी घातली की जागचा हलत नाही. शाळेतल्या पोरालाही हे कळतं. साहेबांना कळत नव्हतं असं नाही. पण समोरच्या कारखान्याची गाडी त्या वर्षी हलकी झाली होती. मामांनी दोन वेळा फुलीकडे बघितलं, नळी कापली, टोकं घासून साफ केली आणि फडक्याने खडू पुसून चौकट रंगाला पाठवली.

दुसऱ्या दिवशी गाडीचा चालक येऊन मामांच्या टेबलावर बसला. ही त्याची नेहमीची जागा. चोवीस वर्षांचा, शिलाईवाल्या बाईंचा एकुलता एक, तोंडाचा पट्टा सतत चालू. बिनबापाच्या या पोराने वेल्डरला मामा करून टाकलं होतं, आणि पोराचा मामा म्हणून त्याची आईही त्यांना ‘दादा’ म्हणे.

"मामा, तुमचा जोड ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी मी लग्न करीन."

"म्हणजे आईला सून बघायला मिळत नाही."

"तेच तर! या वेळची गाडी ठीक ना?"

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जोड माझा आहे. बस डोळे मिटून."

तिसऱ्या शर्यतीत, एका वळणावर, चौकट मधोमध दुमडली. पोरगा जागच्या जागी गेला.

आठवड्याने ताडपत्रीखाली झाकलेली गाडी ट्रकमधून परत आली. साहेब खाली उतरले, चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तुटलेल्या ठिकाणचा तुकडा कापून घेतला आणि खणातून हातोडी मागवली. फाटकाशी जमलेल्या पेपरवाल्यांना त्यांनी दोनच शब्द सांगितले, "जोड सुटला." मग मामांच्या भिंतीवर पहिला खिळा ठोकला.

मामांनी तुकडा बघितला. त्यांचा जोड होता तसा होता, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक, एकही खवला निखळलेला नाही. नळी फाटली होती ती जोडापासून बोटभर अंतरावर.

"साहेब, जोड सुटलेला नाही. त्याच्या शेजारी नळी फाटलीय. तिरकी असती तर..."

"तिरकी काढायला कुणी सांगितलं?"

मामांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"कुठं लिहिलंय?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

कुठंच नव्हतं. मामांच्या मागच्या खिशातल्या फडक्यात होतं, पण पुसलेला खडू काही वाचता येत नाही.

मग एक दिवस पोराची आई कारखान्यात आली. "कुणी जोडली होती त्याची गाडी?" तिने फोरमनला विचारलं. फोरमनने बोट दाखवलं. ती मामांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात दाखवा." मामांनी हातमोजे काढून दोन्ही हात पुढे केले. तिने ते उलटेसुलटे बघितले, जणू कापडाचा पोत बघतेय, आणि निघून गेली. त्यानंतर मामांची बायको शिवायला कापड घेऊन गेली की उत्तर एकच मिळे, "हातात काम फार आहे."

"सोडा ती नोकरी," बायको म्हणायची.

"सोडली तर लोक म्हणतील, जोड तुटला म्हणून हाकलला."

"आणि नाही सोडली तर काय म्हणतात?"

मामांना साहेबांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं : तुझा जोड तुटला नव्हता. तेवढं वाक्य घेऊन त्यांना शिलाईच्या दुकानाची पायरी चढायची होती. त्या वाक्यासाठी ते अकरा वर्षं मान खाली घालून त्याच नळीखाली बसले. अभ्यागत येत, साहेबांच्या शिस्तीचं कौतुक करत, नळीचा फोटो काढत. फाटलंय कुठं, ते एकानेही निरखून बघितलं नाही.

अकराव्या वर्षी साहेब जिन्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी वॉकर आणायला सांगितला. बाजारातला आणलेला वॉकर साहेबांनी ढकलून दिला. "ही बैलगाडी आहे. त्या वेल्डरला बोलवा."

मामांनी चांगल्यातली नळी घेतली, चार दिवस खपून वॉकर बनवला आणि सकाळी वरच्या खोलीत नेला. साहेब खुर्चीत होते. पट्टा होता, गॅलिसही होता, आत माणूस निम्मा उरला होता. दोन्ही हातांनी वॉकर धरून ते उभे राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, धापा टाकत बसले. हात सवयीने कोटाच्या खिशात गेला. समोरच्या दोन पायांमधल्या तिरक्या नळीवर त्यांनी फुली मारली.

"वजन. ही काढ."

मामा फुलीकडे बघत राहिले. खाली कुठलं तरी इंजिन सुरू होतं, पायांखालची फरशी थरथरत होती.

"काढतो, साहेब. फक्त कागदावर लिहून द्या. ही नळी मी काढायला सांगितली, म्हणून."

"मी कधी कुणाला लिहून दिलंय?"

"नाही. म्हणून तर म्हणतोय."

साहेबांनी वर बघितलं. मग त्यांची नजर वॉकरवर गेली, तिथून गुळगुळीत फरशीवर, तिथून स्वतःच्या खुब्यावर.

"राहू दे," ते म्हणाले.

"काय राहू दे?"

"नळी. राहू दे नळी."

"पाव किलो आहे, साहेब."

"राहू दे म्हटलं ना!"

मामांचा हात मागच्या खिशात गेला, फडकं निम्मं बाहेरही आलं. ते त्यांनी परत आत कोंबलं. "फुली मात्र तुमची तुम्हीच पुसा," म्हणाले आणि जिना उतरले. हवं होतं ते वाक्य मिळालं नव्हतं, पण त्याचा सख्खा भाऊ भेटला होता. साहेबांना सगळं कळत होतं. तेव्हाही कळत होतं.

खाली येऊन मामा स्टुलावर चढले आणि त्यांनी खिळ्यावरची नळी काढली.

"अहो मामा!" फोरमन धावला. "साहेबांना विचारलंत?"

"तुम्ही विचारा. वरच आहेत. कुठं पळणारेत आता."

भर दुपारी मामा शिलाईच्या दुकानाची पायरी चढले. बाई मशीनवर होत्या. केस पांढरे झाले होते. मामांनी नळी कापडं बेतायच्या टेबलावर ठेवली आणि तोंड उघडायच्या आत बाईंनी ती उचलली. उजेडात धरली. जोडावरून नख फिरवलं, मग फाटलेल्या कडेवरून.

"शिवण शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "कापड फाटलंय. शिवणीच्या शेजारी."

मामांना भरून आलं. सगळ्या जगाने अकरा वर्षांत जे वाचलं नाही, ते या बाईने दोन मिनिटांत वाचलं होतं.

"ताण आडवा आला की असं होतं," बाई जणू गिऱ्हाइकाला सांगत होत्या. "काखेत तिरका तुकडा घातला नाही की बाही अशीच जाते. इथं तिरका तुकडा नव्हता का?"

"होता. साहेबांनी फुली मारली. मी कापला." मामा घाईघाईने म्हणाले, "पण मी सांगितलं होतं, ताई. साहेबांना तोंडावर सांगितलं होतं, चौकट लुळी पडेल म्हणून."

बाईंनी नळी टेबलावर ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मी बोललो होतो साहेबांना."

"आणि माझ्या पोराला?"

मामांनी टेबलावरची नळी उगाचच सरळ केली.

"तो रोज तुमच्या टेबलावर येऊन बसायचा. घरी आला की तुमचंच कौतुक. त्याला बोललात?"

बस डोळे मिटून. मामांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, त्यातल्या ताठ्यासकट.

"अकरा वर्षं मला वाटत होतं, तुमचा हात चुकला," बाई म्हणाल्या. "हात सगळ्यांचाच चुकतो, माझाही चुकतो. म्हणून मी कधी शिव्याशाप दिले नाहीत तुम्हाला." त्यांनी नळी टेबलावरून मामांकडे सरकवली. "घेऊन जा ही."

दादा म्हणाल्या नाहीत. मशीन पुन्हा सुरू झालं.

मामा घरी आले. बायको दारातच होती. "काय म्हणाल्या? पटलं त्यांना?"

"पटलं."

"मग तोंड असं का?"

मामा तसेच आत गेले. फळीवरचा डबा काढून त्यातला एक खिळा निवडला आणि जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीत ठोकू लागले.

"अहो, ते कशाला घरात? आता तर तुमच्यावरचा डाग गेला ना?"

"साहेबांनी खिळा चुकीच्या भिंतीत ठोकला होता," मामा म्हणाले आणि नळी टांगली.