मिठागरातल्या बाईचे डोळे

पेणमध्ये गणपतीच्या कुठल्याही कारखान्यात विचारा, डोळे कोण आखतं? कमळाकर. रंग कुणीही मारेल, पण डोळे सगळ्यात शेवटी आणि तेही त्याच्याच हातचे. चाळीस वर्षांत बिनडोळ्यांची मूर्ती त्याने दाराबाहेर जाऊ दिलेली नाही. बायकोकडे मात्र त्याने कधी धड बघितलं नाही, असं आळीत म्हणतात.

तर रोह्याच्या संग्रहालयात त्र्यंबकरावांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्र्यंबकराव अतिवास्तववादी चित्रकार, आता हयात नाहीत. चप्पल घातलेला बोंबील, घड्याळ रवंथ करणारी म्हैस, असलं काहीबाही स्वप्नातलं रंगवायचे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एका चौकटीचा प्लास्टरचा कोपरा फुटला, म्हणून त्यांच्या मुलीने, हेमांगीने, कमळाकरला बोलावलं.

कोपरा तासाभरात बसला. मग त्याने चित्राकडे पाहिलं. मिठाच्या ढिगावर बसलेली बाई. नथ आहे, कुंकू आहे, डोळेच नाहीत. बिचारे त्र्यंबकराव काम अर्धं टाकून गेले, असं त्याला वाटलं. उद्या लोक म्हणतील, पेणचा माणूस हात लावून गेला आणि डोळे तसेच? हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्याने बारीक कुंचला काढला.

सकाळी सातला हेमांगीचा फोन आला. "काका, त्या चित्राचं नावच 'न पाहणारी' आहे. अकराला पाहुणे येतात. डोळे जायला हवेत."

कमळाकरने फोन ठेवला. रंग पाण्यातला, ओल्या फडक्याने निघाला असता. अडत होतं ते दुसरंच.

"उघडलेलं डोळं पुसू कसं गो? या हातानं एक डोळा पुसलेला नाय."

"मग गणपती काय बारा महिनं घरात ठेवता?" त्याची बायको इंदुबाई भाकरी थापत म्हणाली. "उत्तरपूजा करा नि पाण्यात सोडा."

"चित्र?"

"डोळं हो. चित्र बुडवलंत तर ती हेमांगीताई तुमालाच धरमतरच्या खाडीत बुडवील."

साडेदहाला कमळाकर अक्षता, तांब्या आणि दह्याची वाटी घेऊन संग्रहालयात हजर.

"हे काय, काका?"

"निरोप हाय, ताई. पाच मिन्टं."

त्याने दही दाखवलं, अक्षता टाकल्या आणि विसर्जनाच्या रीतीप्रमाणे चौकट जागची दोन बोटं हलवली, तशी ती तिरपी झाली. मग स्वतःचे डोळे घट्ट मिटून बाईचे डोळे पुसले. हेमांगीने सुटकेचा श्वास सोडला आणि चौकट सरळ करायला हात पुढे केला.

"नाय नाय. हलवलेलं परत जागेवर नाय ठेवायचं."

ती काही बोलणार, एवढ्यात पाहुणे आत आले. पुण्याचे एक समीक्षक त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"हा तिरपेपणाच सगळं सांगतो," ते म्हणाले. "बाई आपल्या जगातून निघाली आहे."

"व्हय," कमळाकर दारातून म्हणाला, "दही खाऊन निघाली."

समीक्षकांनी तेही वहीत लिहून घेतलं.

फडकं त्याने तांब्यात पिळलं होतं. ते काळपट पाणी त्याने कुंडलिका नदीत सोडलं, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "पुढल्या वर्षी लवकर या." हेमांगीने ऐकलं असतं, तर चित्राला त्याच दिवशी कुलूप पडलं असतं.