अकरा-बारा

शिट्टीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची धाकटी बहीण, आणि तीही रागावली तरच मारायची. बाकी सगळ्या जगाला त्या शिट्टीताई. गळ्यात दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी, पायात दोनदा तळ बदललेले बूट आणि पाठीवर कधीही न सोडलेली पिशवी. अठरा वर्षं त्या माणसांचे जथे डोंगरातली तळी आणि हिमनद्या दाखवायला नेत होत्या. या अठरा वर्षांत आपली एक छत्री हरवली, माणूस एकही नाही, हे त्या प्रत्येक सहलीच्या पहिल्या संध्याकाळी सांगायच्याच. लोक छत्रीला हसायचे. हसणं ओसरलं की ताई नियम सांगायच्या.

"प्रत्येकाला एक नंबर. शिट्टी वाजली की आपला नंबर आपल्याच तोंडाने ओरडायचा. नवऱ्याने बायकोचा नाही, आईने लेकीचा नाही. आणि कोणी मागे राहिलंच, तर शोधत फिरायचं नाही. बसल्या जागी बसायचं आणि आपला नंबर ओरडत राहायचं. मी येते."

या नियमात ताईंचं अर्धं आयुष्य होतं. चौतिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या वतीने थोरला भाऊच बोलायचा. दुकानात, "हिला निळा दाखवा." डॉक्टरांकडे, "हिचं डोकं दुखतंय." भाऊ वाईट नव्हता, उलट जिवापाड जपायचा, पण त्या जपण्यात ताईंची जीभ पार गंजून गेली होती. सहलीच्या कंपनीत मुलाखतीला गेल्या तेव्हाही तो शेजारी बसला आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं. समोरच्या बाईंनी चष्मा खाली केला आणि विचारलं, "नोकरी नक्की कोणाला हवी आहे?" ताई म्हणाल्या, "मला." त्या एका शब्दावर नोकरी लागली, असं ताई सांगतात. थोडं तिखटमीठ असेल त्यात, पण गोष्ट खरी.

तर यंदाच्या या सहलीत माणसं सव्वीस. अकरा नंबर एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि बारा नंबर त्यांची बायको. मास्तर म्हणजे फलाटभर घुमणारा आवाज. पहिल्या सकाळी "दहा" झालं आणि ते गरजले, "अकरा-बारा!"

"काका, बारा काकू म्हणतील," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू जात नाही!"

सगळे हसले. काकूही हसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून ताईंनी टोकणं सोडलं. गाडी सुटायची घाई असायची, लोकांना गंमत वाटायची, आणि कोणाच्या संसारात किती नाक खुपसायचं, असंही ताईंच्या मनात आलं. अठरा वर्षं पाळलेला नियम त्यांनी असा हसत हसत सोडला.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे हिमनदीच्या कडेला होते. बसथांब्यापासून दगडगोट्यांतून वीस मिनिटांची पायवाट, दर दहा पावलांवर लाल टोकाचा खांब, शेवटी लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे निळसर, तडे गेलेला बर्फ. त्याच्या पायथ्याशी दुधट पाण्याचं तळं. लोक फोटो काढत होते तेवढ्यात वरच्या खिंडीतून धुकं उतरलं. पाच मिनिटांत कठडा दिसेनासा झाला. ताईंनी शिट्टी फुंकली.

"एक!" "दोन!" नंबर धुक्यातून येत गेले. "दहा!" "अकरा-बारा!" आणि पुढे सव्वीसपर्यंत. ताईंनी सगळ्यांना एकमेकांची पिशवी धरायला लावली आणि खांब मोजत खाली आणलं. बसमध्ये पुन्हा शिट्टी, पुन्हा सव्वीस. मास्तरांना वळणांवर मळमळायचं म्हणून ते ड्रायव्हरमागे बसायचे. काकू मागे बायकांत असायच्या. बायकांना वाटलं, आज पुढे नवऱ्याजवळ बसल्या असतील. मास्तर तर डोळे मिटून बसले होते.

खालचं मोठं तळं चाळीस मिनिटांवर. तिथे होडीत बसण्याआधी प्रत्येकाला नंबर घातलेलं नारिंगी जॅकेट द्यायचं. ताई एकेक उचलत होत्या, माणसं हात पुढे करत होती. शेवटी होडीवाला म्हणाला, "चला, झालं ना?"

ताईंच्या हातात एक जॅकेट उरलं होतं. बारा.

"काकू कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"मागे असेल," मास्तर म्हणाले. मागे वळून पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. बायकांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांचा फोन लावा," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि बायकोचा फोन बाहेर काढला. "हरवेल म्हणून माझ्याकडेच असतो," ते म्हणाले, आणि धक्क्याच्या पायरीवर बसले. पिशवीत तिच्या गोळ्याही होत्या.

घड्याळात चारला वीस मिनिटं कमी. वरच्या रस्त्याचं फाटक पाचला बंद व्हायचं, कारण संध्याकाळी कड्यावरून दगड सुटतात. ताईंनी फाटकावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "वर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. बचाव पथकाला कळवतो, पण त्यांनाही यायला दोन तास लागतील." कठड्यापलीकडे बर्फात तडे होते, काही तर माणूस उभा जाईल एवढे. ताईंनी ते अठरा वर्षं पाहिले होते, आणि आता डोळ्यांसमोर दुसरं काही येईना.

एक नंबरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंवर बाकीची मंडळी सोपवून ताई, मास्तर आणि ड्रायव्हर रिकामी बस घेऊन निघाले.

"सवय हो," मास्तर मध्येच म्हणाले. "चाळीस वर्षांची सवय. दारावरची बेल वाजली तरी 'दोघं आहोत' असं मीच सांगतो. तोंडातून आपोआप गेलं."

ताईंना त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण नियम कोणी सोडला होता? "काका, चूक तुमच्याआधी माझी आहे," त्या म्हणाल्या. "मला कळत होतं आणि मी गप्प बसले."

चार वीसला बस फाटकाशी आली. फाटकवाला आडवा आला. "पाचच्या आत परत येणं जमणार नाही. आता वर सोडता येत नाही."

"मग मी चालत जाते," ताई म्हणाल्या आणि खरंच दार उघडून उतरल्या. फाटकवाल्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दांडा उचलला.

वर धुकं तसंच. ड्रायव्हरने बसचे दिवे लावून ठेवले, म्हणजे परत येताना दिशा कळेल. ताई आणि मास्तर काठी घेऊन, एका दोरीची दोन टोकं कमरेला बांधून निघाले. खांब. मग दहा पावलं. मग खांब. कठड्याशी पोचल्यावर ताईंनी शिट्टी फुंकली आणि कान दिला.

"अगं ए! कुठे आहेस?" मास्तर ओरडले. "अगं, ऐकतेस का? ए!"

"काका, गप्प बसा."

"अहो, पण ती..."

"तुम्ही ओरडत राहिलात तर त्या मला ऐकू येणार नाहीत. गप्प!" ताईंनी इतक्या जोरात कोणाला दटावलं नव्हतं, भावालाही नाही. मास्तरांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. त्यांचे खांदे हलत होते, पण आवाज निघू दिला नाही.

पुन्हा शिट्टी. बर्फातून पाणी ठिबकत होतं. कुठेतरी एक दगड घरंगळला. तिसरी शिट्टी. त्या श्वास धरून उभ्या राहिल्या.

"बारा."

घोगरा, चिरकलेला, पण आवाज होता. कठड्याच्या डावीकडून. ताईंनी पुन्हा शिट्टी दिली आणि आवाज पुन्हा आला. "बारा." तसं एका शिट्टीला एक बारा करत त्या पुढे सरकल्या, पाय ठेवायच्या आधी काठीने जमीन चाचपत. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला काकू बसल्या होत्या. गुडघे छातीशी घेतलेले, ओठ निळे, एक घोटा सुजलेला. त्यांच्यापासून सात-आठ पावलांवर बर्फाचा पहिला तडा होता.

ताईंनी आधी त्यांना अंगावरचा कोट घातला. मास्तर समोर उभे राहिले, बायकोचा हात हातात घेतला आणि नुसते चोळत राहिले.

"बुटात खडा गेला होता म्हणून बसले," काकू म्हणाल्या. "धुकं आलं. शिट्टी ऐकली. मी म्हटलं हो बारा, दोनदा म्हटलं. तेवढ्यात ह्यांचं ऐकू आलं, अकरा-बारा. मला वाटलं, माझा नंबर लागला म्हणजे थांबलेत माझ्यासाठी. खडा काढून सावकाश उठले. मग कोणीच नाही. दोन पावलं टाकली आणि पाय मुरगळला. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं, बसल्या जागी बसायचं आणि ओरडायचं. दोन तास ओरडतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "एवढी मी जन्मात ओरडले नसेन."

फाटकातून बस बाहेर पडली तेव्हा साडेपाच झाले होते. फाटकवाला दांडा हातात धरून तसाच उभा होता.

त्याच संध्याकाळी ताईंनी ऑफिसला सगळं कळवलं, काही न लपवता. तीन दिवस नियम मोडला गेला आणि मी चालवून घेतलं, असं स्पष्ट लिहिलं. पुढच्या सहलीवर पाठवतील की घरी बसवतील, कोण जाणे. जेवणाआधी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून काकूंची माफीही मागितली. छत्रीची गोष्ट आता त्यांना सांगता येणार नव्हती, आणि ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात निघायच्या आधीची शिट्टी वाजली. काकू पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. एक, दोन, तीन असं होत होत "दहा!" झालं.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ताई थांबल्या. मागून कोणीतरी लाडीगोडीने म्हणालं, "काकू, आज तुम्ही म्हणा की दोघांचं!"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं ते म्हणतील. मी थांबते."

कोणी हसलं नाही. पंचवीस माणसं आणि दारात उभा असलेला ड्रायव्हर, सगळे थांबले.

"अकरा," मास्तर म्हणाले, हळू, आणि तोंड मिटून बायकोकडे पाहत राहिले.

"बारा!" काकू ओरडल्या, तशी आतून आचारी काय झालं म्हणून बघायला बाहेर आला.