चाळीस चौकोन

आमच्या कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेत प्रश्नाच्या बाजूला छोटे चौकोन दिसतात. चाळीस प्रश्न, चाळीस चौकोन. उत्तर निवडलं की तो चौकोन राखाडी होतो, म्हणजे काय सोडवायचं राहिलं ते मुलांना कळतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या चौकोनांवरच आहे आणि मला मुद्द्यावर यायला फार वेळ लागतो. बायको म्हणते, तुमच्याशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं. ही गोष्ट तर मी तिलाही बरीच वर्षं सांगितली नव्हती.

चार वर्षांपूर्वी मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. संगणकाचं थोडंफार कळतं म्हणून परीक्षेचं पोर्टल माझ्या गळ्यात पडलं होतं. पेपर चढवायचा, वेळ लावायची, गुण उतरवायचे. पेपर तयार करताना पोर्टल एक गोष्ट विचारतं: वेळ संपली तर काय करायचं? तीन पर्याय असतात. पहिला, सोडवलं तेवढं आपोआप जमा करा. दुसरा, थोडी जास्तीची मुदत द्या. तिसरा, विद्यार्थ्यानं वेळेत स्वतः जमा केलं नाही तर पेपर धरूच नका. कधीतरी एका सराव परीक्षेला, पोरं रेंगाळू नयेत म्हणून, मी तिसरा निवडला होता. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या अंतर्गत परीक्षेला मी तोच जुना साचा कॉपी केला आणि तो रकाना उघडून पाहिला नाही.

बहुतेक मुलांनी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पेपर दिला. काहींनी मोबाइलवरून दिला. गुणांची यादी प्राचार्यांच्या सहीनं त्याच दिवशी विद्यापीठात गेली. दुसऱ्या दिवशी सहज पोर्टल उघडलं, तर यादीत गैरहजर लागलेल्या एका मुलीच्या नावापुढे शेरा होता: ‘कधीच जमा केला नाही’. पेपर उघडला. चाळीसही चौकोन राखाडी. पेपर बाराला संपत होता आणि शेवटचं उत्तर बाराला सहा मिनिटं कमी असताना दिलेलं. मी उत्तरतालिका घेऊन हातानं तपासला. चौतीस गुण.

काय झालं ते मला तिथंच कळलं. दोन ओळींचं पत्र पुरलं असतं: सेटिंग माझ्याकडून चुकली, या मुलीचे गुण धरावेत. पण यादी परत मागवायची तर कारण द्यावं लागणार होतं, आणि मला कायम करायची फाइल त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या टेबलावर होती. मी खिडकी बंद केली आणि तासाला गेलो.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांना घेऊन आली. बोरी अरबजवळच्या एका तांड्यावरची. बी.एड.ची प्रवेश परीक्षा ती पास झाली होती, फक्त पदवीचा निकाल हवा होता. हा एक विषय राहिला तर प्रवेश जाणार, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"सर, मी सबमिट दाबलं होतं," ती म्हणाली. "नुसतं गोल गोल फिरत राह्यलं. मंग टाइम संपला म्हणून आलं."

वडील दाराशीच उभे होते. आत या म्हटलं तर चपला काढून आत आले. म्हणाले, "तांड्यावर रेंज नाही सर, म्हणून इले बोरीच्या बसस्टँडसमोर बसवलं. उन्हानं मोबाइल दिसे ना, तं मी घंटाभर छत्री धरून उभा होतो. मले इंग्रजी येत नाही, पण मोजता येते. सगळे चौकोन भरले होत्ते. दोनदा मोजले. चाळीस."

त्याच वेळी ते चाळीस चौकोन माझ्यासमोरच्या संगणकात होते. पडदा माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "बाबा, चौकोन भरले म्हणजे पेपर जमा झाला असं नसते."

हातातल्या छत्रीकडे पाहत त्यांनी विचारलं, "सर, हिच्या लोखंडी काड्यायनं रेंज अडली तं नसन?"

मी म्हणालो, "होऊ शकते."

हे दोन शब्द कुणी माझ्याकडून काढून घेतले नव्हते. मी ते आपणहून दिले. मुलीनं वडिलांकडे पाहिलं, मग छत्रीकडे.

तिनं प्राचार्यांकडे अर्ज केला. त्यांनी मला बोलावून विचारलं, "एकीसाठी पोर्टल उघडलं तर उद्या दहा येतील. तुमच्याकडे काय दिसते ते सांगा."

"रिकामं आहे, सर."

आणि कुणी खरंच पाहायला येईल या भीतीनं दुपारी लॅब मोकळी असताना मी तिचा पेपर पुसून टाकला. पोर्टलनं विचारलं, नक्की पुसायचं का? मी हो म्हटलं. पुसलेलं परत येत नाही. पुढच्या परीक्षेपासून मी पहिला पर्याय लावायला लागलो. कुणी कारण विचारलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर माझी कायम झाल्याची ऑर्डर आली आणि घरी बायकोनं शिरा केला. त्या मुलीच्या बी.एड.चं काही झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं तिच्या एका वर्गमैत्रिणीकडून कळलं.

यंदा प्रवेशाच्या दिवसात ते वडील पुन्हा आले. धाकटीला घेऊन. फॉर्म माझ्याकडेच होते. मला ओळखून त्यांनी हात जोडले.

"सर, इले घरून पेपर नाही द्याचा. इथीच बसवा. मी जवळ बी येत नाही. मोठीच्या टायमाले माह्याच छत्रीनं घात केला."

धाकटी हसली. "सर, बाबानं तवापासून छत्रीच सोडली. पावसात डोक्यावर पोतं घेऊन फिरते. लोक म्हणते, सोयाबीन चालली पाह्य."

वडीलही हसले. मी पेन खाली ठेवलं.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं. सेटिंग, चौकोन, चौतीस गुण, पुसणं, सगळं. किती समजलं मला माहीत नाही. ते भिंतीला टेकले.

"मंग छत्रीचं?"

"छत्रीचं काही नव्हतं, बाबा."

"चार वर्स झाले ते पोरगी माह्याशी धड बोलत नाही," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "मले कायले सांगता? तिले सांगा."

रविवारी ते माझ्या गाडीवर मागे बसले. बाभुळगावच्या पुढे तिचं सासर. ती ओसरीवर सुपात तूर पाखडत होती, मांडीला लहान मूल टेकलेलं. मी बसलोच नाही. उभ्यानंच सांगितलं. सूप थांबलं.

"किती होते?"

"चौतीस."

"सहा कोणते चुकले?"

ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ती वडिलांशी तांड्याच्या बोलीत काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही. वडिलांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तोंडी नको सर. कॉलेजच्या नावानं लिहून द्या. मले त्याचा काही फायदा नाही, मले माहीत हाय. तरी द्या."

तिनं आतून वही आणली. मी ओसरीच्या कडेला बसून लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं कागद घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलं होतं: ‘तांत्रिक त्रुटीमुळे पेपर नष्ट झाला’.

"हे खोडा. तुमी पुसला, असं लिहा."

मी खोडलं. लिहिलं. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, एकेक ओळ, बोट फिरवत, आणि तिचे वडील तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. शेवटी म्हणाली, "आता सही करा."

सोमवारी तो कागद मी कॉलेजच्या आवक खिडकीत दिला. नोंद करता करता बाबू तो वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"सर, हे खरंच आत पाठवू? परत घेत असाल तं अजून आवक नंबर टाकला नाही."

मी म्हटलं, नंबर टाका.