लताचा अंगठा

अंगात येणं, भास, करणी... असलं काही ऐकलं की मी तोंडावर हसणारी बाई. पाचोऱ्यात माझं बांगड्यांचं दुकान आहे. इतकी वर्षं बायकांचे हात हातात घेतल्यावर मला भुतांपेक्षा माणसांचीच भीती जास्त वाटते. तरी हे लिहितेय, कारण मनातून जातच नाही.

जळगावला माल आणायला गेले की मी तिथल्या धंदेवाल्या बायकांच्या गल्लीतही बांगड्या भरते. त्यातली लता माझी लाडकी. गेल्या वर्षी बघते तर तिचा उजवा अंगठा दुमडेना. फैजपूरचा नितीन म्हणून कुणी गाडीवाला... तिनं नको म्हटलं, तर त्यानं अंगठा पिरगाळून मोडला आणि जबरदस्ती केली. चौकीत तिलाच हसले — "धंदेवालीवर कसली जबरदस्ती?" हाड वाकडंच जुळलं, बुडाशी ही एवढी गाठ! माझा नुसता संताप झाला, पण करणार काय?

यंदा ओळखीच्या एका घरी, भरदुपारी, नवरीला हिरवा चुडा भरायला गेले. पूजा तिचं नाव. तिचा अंगठा तळहातात दुमडला आणि माझ्या बोटांना गाठ लागली. तीच गाठ! "केव्हा मोडला गं?" तर पोरगी हसायला लागली. अंगठा चांगला सरळ होता. पुन्हा धरला — पुन्हा गाठ. मी कसाबसा चुडा भरला आणि पाणी मागितलं.

पाणी पिता पिता विचारलं, नवरदेव कुठला? तिची आई कौतुकानं, अहिराणीत म्हणाली, "फैजपूरना. नितीनराव. सोतानी गाडी शे."

फोटो मागून घेतला आणि लताला पाठवला. लगेच तिचा फोन. "हाच तो, मावशी! तुम्हाला कुठं भेटला?"

मग मला राहवेना. मायलेकींना सगळं सांगून टाकलं. आई भडकलीच, होणाऱ्या जावयाचीच बाजू घेऊन. "तशी बाईसंगे वागना, म्हनीसन मन्ही पोरसंगे तसा वागी का?"

पूजा आईकडे वळली. म्हणाली, "माय, तिनी नही म्हनेल व्हतं ना?" आणि माझ्यापुढे हात केला. "मावशी, काढा ह्या बांगड्या."

लग्न मोडलं. त्या घरी आता मला बोलवत नाहीत, मागे नावं ठेवतात. ठेवू देत! पण कुणाचाही अंगठा दुमडताना आता मी आधी बुडाशी गाठ चाचपते.

लताला सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी रडली. मग म्हणाली, "मावशी, चौकीत मी तोंडानं सांगून त्यांना कळलं नाही... तुमच्या बोटांना न सांगता कसं कळलं?"