अकरा नंबर बुक झालं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच — ती मला सरळ माणूस समजूनच गेली. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळख असती तर हे पहिलं वाक्यसुद्धा तोंडातून निघालं नसतं.

वरठीच्या एका कारखान्यात मी नोकरीला आहे, प्रयोगशाळेत. लोखंडाचे नमुने तपासतो. सकाळची पाळी सुटली की मोटरसायकल थेट भंडाऱ्याला, आणि सुट्टीचा अख्खा दिवस तिकडेच — घरं विकायला. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोक म्हणायचे, आता भंडाऱ्यात काय उरलं? पण शहराच्या कडेच्या धानाच्या बांध्या बुजत गेल्या आणि तिथं घरांच्या प्लॉटचे लेआउट पडत गेले. अशाच एका लेआउटमध्ये एका शेठनं बावीस घरं बांधली होती, एका ओळीत, बैठी. ती लोकांना दाखवायला त्याला माणूस हवा होता. कारखान्यातल्या एकानं माझं नाव सुचवलं.

मला ते काम जमलं. खरं सांगतो, आवडलंही. नवरा नळाखाली हात धरून पाहतो, बायको स्वयंपाकघराच्या ओट्याला कंबर टेकवून पाहते — तेव्हाच मला कळायचं, घेणार की नाही. आणि मी खोटं बोलत नसे. नालीचा उतार बरोबर नसला तर तसं सांगायचो. लोक म्हणायचे, हा माणूस लपवत नाही.

लपवत नाही!

आडनावाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. पण आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं, विणकरांतही तेच आहे. पहिल्या दिवशी शेठनं आडनाव विचारलं आणि स्वतःच म्हणाला, म्हणजे मोहाडीकडचे कोष्टी तुम्ही. मी हसलो. फक्त हसलो. याला खोटं म्हणायचं का? मी तर काहीच बोललो नव्हतो — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मग ते हसणं सांभाळावं लागलं. दीक्षाभूमीला घरचे सगळे जायचे त्या दिवशी मी साइटवर सांगायचो, बायको माहेरी गेली आहे.

घर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे शेठ स्पष्ट कधीच बोलला नाही. ‘फॅमिली पाहून’ एवढंच म्हणायचा. तीन महिन्यांत मला समजलं. काही लोकांना घर आवडलं तरी ते बुक झालेलं असायचं. असं मी दोघांना सांगितलं असेल, की तिघांना? चेहरे आठवत नाहीत. पाहा, हेही कबूलच करावं लागतंय.

तिचा चेहरा मात्र आठवतो.

फोनवर आवाज ओळखला नाही. तळमजल्याचं घर हवं आहे, म्हणाली, यजमानांना लकवा झालाय. रविवारी बोलावलं. ऑटोतून उतरली ती सुशीलाबाई — कोंढ्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या, सरकारी दवाखान्यातली नर्स. गावात सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. माझ्या आईची जिवाची मैत्रीण. आई टायफॉइडनं पडली होती तेव्हा महिनाभर हिनं आमच्या घरी डबा पाठवला होता. बदल्या होत होत ती भंडाऱ्यात निवृत्त झाली, एवढं ऐकून होतो. आयुष्यभर सरकारी क्वार्टर नाहीतर किरायाच्या खोल्या. आता दोघं नवराबायको एका दुसऱ्या मजल्यावर किरायानं राहत होती, आणि नवऱ्याला खाली उतरवायचं तर चार माणसं गोळा करावी लागायची.

नवरा ऑटोतच बसून राहिला. तिनं मला पाहिलं, डोळे बारीक केले.

“मंगलाचा पोट्टा नं तू?” म्हणाली. मग एकदम खुलली. “जयभीम, बाबू. बरं झालं. आपला मानूस आहे म्हनजे मले चिंता नाई.”

मीही जयभीम म्हणालो. हळू. साइटवर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, तरीही हळू.

अकरा नंबर तिला दाखवलं. दाराला पायरी नव्हती, हे तिनं सर्वांत आधी पाहिलं. दोन्ही हात पसरून दाराची रुंदी मोजली, खुर्ची जाते की नाही बघायला. मागच्या मोकळ्या जागेत उभी राहून म्हणाली, इथं त्यांना सकाळच्या उन्हात बसवता येईल, चार वर्षांत ऊन पाहिलं नाही त्यांनी. टोकनचे पैसे आणलेच होते, पर्समध्ये, रुमालात बांधून. मी म्हणालो, बसा, पावती करतो. हो, मी पावतीपुस्तक काढलं होतं.

तेवढ्यात शेठची गाडी आली.

शेठ गोड माणूस. तिला मॅडम म्हणाला, पाणी दिलं, कुठून आलात, नाव काय, सगळं विचारलं. तिनं सरळ पूर्ण नाव सांगितलं. तिच्या आडनावात दोन बाजू नव्हत्या. शेठ हसत राहिला, आणि मला बाहेर घेऊन आला.

“बुक झालं म्हनून सांगून दे. बाकीचे घेनारे कुरकुर करतील.” मग माझ्याकडे पाहत म्हणाला, “पन ते बाई तुले बाबू बाबू कायले करून राहिली? ओळखीची आहे का?”

इथं मी थांबतो नेहमी. एकटा असताना हे आठवतो तेव्हाही इथेच थांबतो. त्या क्षणी काय झालं असतं? जास्तीत जास्त काय? कारखान्याची नोकरी होती, पोटाला कमी नव्हतं. हे तर जोडकाम. गेलं असतं तर गेलं असतं. कुणी मारणार नव्हतं मला. तरी मी म्हणालो, नाही. आणि आत जाऊन तिच्यासमोर पुन्हा म्हणालो, शेठला ऐकू जाईल असं — मॅडम, हे घर कालच बुक झालंय, माझ्या लक्षात नव्हतं.

ती म्हणाली, “बाबू, आताच तर तू…”

मी म्हणालो, “तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी तुम्हाला ओळखत नाही.”

झालं. हेच सांगायचं होतं.

ती रागावली नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या शेठकडे. तिला सगळं कळलं हे मला दिसलं. “असन,” म्हणाली. “वय झालं, मानसं चुकतात आता मले.” पर्स उचलली आणि गेली. मी तिच्यामागे ऑटोपर्यंत गेलो, गिऱ्हाइकाला पोचवतात तसा. नवऱ्यानं आतून विचारलं, कसं आहे घर? तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट फुटत नव्हते. ती म्हणाली, “लहान आहे. आपल्याले पुरनार नाई.”

अकरा नंबर पुढे कुणी घेतलं, विचाराल तर — मी घेतलं. शेठ खूश होता माझ्यावर, सवलत दिली. आज मी त्याच घरात राहतो. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत आहे, बाहेरून दिसत नाही अशा भिंतीला. बायको एकदाच म्हणाली, काहून असा लपवून लावला? मी म्हणालो, तिथं ऊन लागत नाही.

त्या रविवारनंतर दीड-दोन वर्षांनी सुशीलाबाईचा नवरा गेला. आईनं फोन केला, मी येऊन राहिली, तू मला घेऊन चल. नाही कसं म्हणणार? तो जिना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. इतका अरुंद की तिरडी वळेना. शेवटी त्यांना खुर्चीत बसवलं, धोतरानं बांधलं आणि खाली आणलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता. वळणावर मान कलंडली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. खाली अंगणात ऊन होतं.

अंत्यविधी आटोपून परत आल्यावर सगळे तिचा निरोप घेत होते. ती प्रत्येकाला जयभीम म्हणत होती. आईला मिठी मारून रडली. आई म्हणाली, काही लागलं तर माझ्या मुलाला सांग, घरांचंच काम करतो तो, चांगलं तळमजल्याचं बघून देईल तुला. मी जमिनीकडे पाहत होतो. सुशीलाबाईनं आईला काही म्हणजे काही सांगितलं नाही. माझ्याकडे वळली, हात जोडले.

“नमस्कार,” म्हणाली.

एवढ्या सगळ्यांत मला एकट्याला. ती अजूनही माझं गुपित सांभाळत होती, की आपल्यातून मला वेगळं काढत होती? आईच्या ते लक्षातही आलं नाही.

सुशीलाबाई नंतर सिहोऱ्याला बहिणीकडे गेली. जिवंत आहे. भंडाऱ्याहून सिहोरा किती लांब? सकाळी निघालं तर जेवायला परत येता येतं. मी गेलेलो नाही. वाटेवरच्या तुमसरला कामानं दहा वेळा गेलो असेन. सिहोऱ्याला गेलो नाही.

शेठ आता थकला, साइटवर येत नाही. त्याची मुलं पुण्याला असतात. नवा लेआउट सगळा माझ्या हातात आहे — कुणाला दाखवायचं, कुणाला द्यायचं, मीच ठरवतो. ‘फॅमिली पाहून’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. गेल्या महिन्यात एका तरुण मुलीचा फोन आला. शाळेत शिक्षिका आहे, आईवडिलांसाठी घर बघतेय, म्हणाली. किती खोल्या हव्यात, बजेट किती, हे मी विचारायच्या आधी माझ्या तोंडातून दुसरंच निघालं.

पूर्ण नाव सांगा, म्हणालो.

तिनं सांगितलं. मी ऐकलं, आणि म्हणालो, सगळी घरं बुक झालीत. ऑफिसात मी एकटाच होतो.