ऊन गिळलेला कातळ

“सापडला! अरे, हात लाव, गरम आहे गरम!” दिवेलागणीला माळावर आमचा बंडू कातळाला मिठी मारून असा ओरडला, की शेजारच्या तालुक्यातली गुरं दावी तोडून उधळली.

उपग्रहाने टिपलेल्या उष्णतेच्या चित्रात त्याला इथे एक उबदार पट्टा दिसला होता. त्यावरून त्याने खडकांच्या नकाशावर कातळाची रेघ ओढली. पण खडक प्रत्यक्ष सापडला नाही तर ती खोडायची, असं साहेबांनी बजावलं होतं.

मी हात लावला. माती केव्हाच गार झालेली, पण काळा कातळ दुपारचं ऊन पोटात धरून बसलेला. माणसं रागही असाच धरतात. आमच्या मावशीचा तर चंद्रावरूनही दिसावा!

बंडूने तिथूनच साहेबांना फोन लावून कातळाचा पोवाडा गायला.

साहेब म्हणाले, “बरं. राहू द्या रेघ.”